मेणाचा एक हात

गठ्ठ्यातला चौथा कोट तिने बाहीला धरून ओढला आणि बाहीवर तिला आपलंच अक्षर दिसलं. अक्षर म्हणजे टाके. पण जिची पंचवीस वर्षं टाके उसवण्यात गेली तिला टाके वाचता येतात, आणि आपलं अक्षर कुणी विसरतं का? डाव्या बाहीच्या आतल्या अंगाला, मनगट आणि कोपराच्या मधोमध, तळहाताएवढं हिरवं ठिगळ. आता त्यातलं हिरवं जेमतेम उरलेलं, बाकी सगळी मळाची तपकिरी. पण कडेचे टाके होते तसेच होते. एक लांब, एक आखूड, एक पार वाकड्यात गेलेला, आणि कोपऱ्यावर गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक गाठ, कारण चौदा वर्षांच्या मुलीचा एका गाठीवर विश्वास नसतो. तिने कोट सोडला नाही, उचललाही नाही. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं आणि त्यात कापडाची धूळ सावकाश वर चालली होती. ती धुळीकडे बघत राहिली.

"काय हो ताई, गठ्ठ्यातून विंचू निघाला की काय?" पलीकडच्या टेबलावरून मास्तरांनी विचारलं.

"नाही हो मास्तर. टाचणी लागली."

"टाचणी? तुम्हाला?" मास्तर चष्म्यावरून बघून हसले आणि पुन्हा कागदावर वाकले. पण त्यांनी आणखी एकदा वर पाहिलं, ते तिच्या लक्षात आलं.

चौथ्या मजल्यावरच्या ह्या नमुन्यांच्या खोलीत दोघांचंच राज्य. काम मोठं मजेशीर. जगभरातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे यायचे, त्यात कुणा कोळ्याचा, कुणा रेल्वेच्या पॉइंट्समनचा, कुणा रानातल्या पहारेकऱ्याचा, उन्हापावसात पन्नास वर्षं टिकलेला एखादा कोट असायचा. तो तिने टाका न् टाका उसवायचा, कापडाला ओरखडाही न येऊ देता. मग मास्तर ते तुकडे कागदावर मांडून पेन्सिल फिरवणार, आणि त्या बरहुकूम खालच्या मजल्यांवर पाचशे नवे कोट शिवले जाणार. त्याच्याही खालच्या मजल्यावर ते नवे कोट दगडांबरोबर फिरवून, कोपरांवर घासकागद मारून जुने केले जाणार. आधी नवं शिवायचं, मग घासून घासून जुनं करायचं, असला सगळा द्राविडी प्राणायाम. मास्तर म्हणायचे, "पूर्वी खिसा असायचा कारण त्यात पक्कड ठेवायची होती. आता पक्कड गेली, खिसा राहिला. आणि लोक त्यात हात घालून फिरतात, बिचारे." संध्याकाळी घरी जाताना तिला ते लोक रस्त्यात भेटायचे. ऑफिसातून सुटलेले, कॉफीचे पेले धरलेले, अंगावर वादळाचे कोट, आणि आभाळ मात्र निरभ्र. गळ्याशी वारा अडवायची पट्टी, पाठीवर पाणी ओघळून जायची दुहेरी झडप, कमरेशी हत्यारं अडकवायच्या कड्या. त्या कड्यांना आता चिमुकल्या किल्ल्या लटकायच्या. तिला राग नाही यायचा. तिला वाटायचं, ह्या सगळ्यांना कुठेतरी जायचं होतं आणि ते वाटेतच विसरले.

दार ढकलून डिझायनरबाई आल्या. तिशीची मुलगी, केसांत पेन्सिल खोचलेली, बोलताना हात आधी आणि शब्द मागून. वाईट नव्हती, कामाची वेडी होती. बाईंनी कोट उचलला आणि उजेडात धरला.

"ताई! हे बघितलंत? मास्तर, इकडे या. हे ठिगळ बघा. हे टाके बघा. हे सोनं आहे!"

"सोनं कसलं, कुणीतरी घाईने मारलेत टाके," ती म्हणाली.

"तेच तर! असं आता कुणाला जमतं का? आणि झीज बघा ना, कोपरावर नाहीच. आतल्या बाजूला आहे, छातीवर आहे. सगळे जण कोपरं झिजवतात, ही काहीतरी वेगळीच झीज आहे. कशाने झाली असेल?"

"खांब," ती म्हणाली. "लाइनमनचा कोट आहे. खांबाला मिठी मारून वर चढतात, तारा जोडायला. म्हणून आतून झिजतो."

"मिठी," डिझायनरबाई म्हणाल्या. मग वहीत तो शब्द लिहून घेतला. "पूर्ण सीझन ह्याच्यावर करू या. पाचशेच्या पाचशे कोटांवर हेच ठिगळ, हेच टाके. उद्या सकाळपर्यंत उसवून द्याल? ठिगळ आधी. मला टाक्यांचा नकाशा काढायचाय."

त्या गेल्या. ती कोट मांडीवर घेऊन बसली. मांडीला त्याचं वजन कळलं. हाच कोट धुवून आपण आपल्या वडिलांना मारलं, असं ती तेहतीस वर्षं मानत आली होती. नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. आई जाईपर्यंत आईला सांगितलं नव्हतं. थोरल्या भावाला, दादाला, तर नाहीच नाही.

तसं कुणी विचारलं असतं तर अण्णा त्यानंतर चांगली नऊ वर्षं जगले होते. पण ते जगणं काय खरं! त्याआधीचे अण्णा म्हणजे दाराच्या चौकटीत न मावणारा माणूस. कमरेला पट्टा, पायांत खांबात रुतवायच्या लोखंडी अणकुच्या, अंगावर हा मेणकापडाचा कोट, आणि चढताना शिट्टी. गावाबाहेर लाकडी खांबांची रांग टेकडीवर जायची, खांबांना वाळवी लागू नये म्हणून काळंकुट्ट डांबर फासलेलं, आणि त्या प्रत्येक खांबाला अण्णांनी कधी ना कधी कवेत घेतलेलं होतं. "खांबांना मिठ्या मारून मारून माझे हात असे वाकलेत," ते आईला म्हणायचे, "आता सरळ होत नाहीत, ये." आई म्हणायची, "पोरं बघतायत, काही लाज?" दर वर्षी थंडीच्या तोंडाला आई चुलीवर पातेल्यात मेण आणि जवसाचं तेल वितळवायची आणि फडक्याने कोटाला त्याचा हात द्यायची, कॉलरपासून खाली, शिवणींत बोटाने दाबून दाबून. घरभर तो पिवळा, गोडसर, जरा डोकं चढणारा वास. कोट मग काडीसारखा ताठ व्हायचा. अण्णा तो जमिनीवर उभा करायचे आणि तो खरंच एकटा उभा राहायचा, आत माणूस नसताना. ती आणि दादा हसून हसून लोळायचे.

मेण दिलेला कोट धुवायचा नसतो. पाण्याखाली नुसता धरायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, बस्स. हे लाइनमनच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. तीही जाणत असणार. पण त्या आठवड्यात आई मावशीच्या बाळंतपणाला गेली होती, दादा कॉलेजच्या सहलीला, आणि घर तिच्या ताब्यात. चौदाव्या वर्षी घर ताब्यात येणं म्हणजे राज्याभिषेकच. तिने डबे घासले, कंदिलाच्या काचा पुसल्या, अण्णांच्या सदऱ्यांना नीळ दिली, आणि तरी हौस फिटेना. तेव्हा खुंटीवरचा कोट दिसला. काळा झालेला, डांबराचा, घामाचा, वर्षानुवर्षांचा. तिने बंब पेटवला, कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला, आणि कोट बुडवून ब्रशने असा काही घासला की विचारू नका. दोन घंगाळं काळं पाणी निघालं. पाण्यावर मेणाचे पापुद्रे तरंगले आणि गार झाल्यावर घंगाळाच्या कडेला चिकटले. तिला वाटलं, किती हा मळ! आत्ता, चौथ्या मजल्यावरच्या ह्या उन्हात, तिला ते पापुद्रे दिसत होते, पांढरट, नखाने उचलता येणारे. कोट दोरीवर गेला तेव्हा तो राखी होता, मऊ होता, वाऱ्यावर सदऱ्यासारखा उडत होता. बाही फाटलेली निघाली म्हणून तिने आपल्या जुन्या दप्तराचं हिरवं कापड कापून त्याच संध्याकाळी ठिगळ लावलं. अण्णा आले, अंगणात थांबले, दोरीकडे बघत राहिले. तिने विचारलं, "कसा झालाय?" अण्णांनी बाहीवरून हात फिरवला. "हलका झाला गं ठमे," ते म्हणाले. "पिसासारखा झाला." ती आनंदाने वेडी व्हायची बाकी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे निरोप आला. टेकडीपलीकडे वादळ, तारा तुटल्या, पलीकडचं इस्पितळ अंधारात. अण्णांनी खुंटीवरचा कोट घेतला आणि गेले. तीन दिवस पाऊस आणि वारा. चौथ्या दिवशी दोघांनी धरून घरी आणलं, अंगात फणफणून ताप, कोटातून पाणी टपकतंय. आई धावत आली, वैद्य झाले, डॉक्टर झाले. ताप गेला, पण एक फुप्फुस घेऊन गेला. अण्णा पुन्हा खांबावर चढले नाहीत. ऑफिसने त्यांना भांडाराच्या खिडकीत बसवलं, तारांची वेटोळी आणि खांबांवर बसवायच्या चिनी मातीच्या वाट्या मोजून द्यायला. चौकटीत न मावणारा माणूस खिडकीत मावला. शिट्टी गेली, कारण शिट्टीला श्वास लागतो. आणि ह्या सगळ्या काळात कोट दारामागे टांगलेला. त्याला कधी कुणी हात लावायला सांगितलं तर ती पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायची. त्या दिवसानंतर ती त्याला एकदाही शिवली नाही, बोटानेसुद्धा नाही. अण्णा गेल्यावर दादाने तो डेपोच्या वॉचमनला देऊन टाकला आणि तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली.

"चहा गार झाला तुमचा," मास्तर म्हणाले. त्यांनी कधी आणून ठेवला होता कोण जाणे. खोलीत ऊन आता टेबलावरून उतरून तिच्या गुडघ्यांवर आलं होतं. कोट उबदार झाला होता, आणि त्या उबेने त्याचा वास सुटला. तो वास तिने घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मग तिने बाही मुठीत दाबली. बाही करकरली. बाही ताठ होती.

कोटाला मेण होतं.

तिने तर सगळं मेण धुवून काढलं होतं, पापुद्र्यांसकट. म्हणजे नंतर कुणीतरी पुन्हा दिलं. कुणी? वॉचमनने? आईने, अण्णा खिडकीत बसल्यावर, सवयीने? पण हा आईच्या मेणाचा वास नव्हता. ह्यात जवस नव्हतं. ह्यात राळ होती, उदासारखी कडवट. आणि राळेचं मेण एकाच ठिकाणी असायचं. डेपोत, केबलच्या सांध्यांवर ओतायला, लोखंडी कढईत उकळत ठेवलेलं. लहानपणी अण्णांचा डबा घेऊन गेली की केबलवाले काका तिला त्या कढईपासून लांब उभं करायचे.

मग तिच्या मनाने, इतकी वर्षं न केलेलं, हिशेबी काम सुरू केलं. वॉचमनलाही कढईतलं मेण मिळालं असेल. नंतर कधीही दिलेलं असेल. पण ठिगळ? ठिगळ वादळाच्या आदल्या संध्याकाळी लागलं, कोरं, तिच्या दप्तराचं. वॉचमन काही खांबावर चढत नव्हता. अण्णाही त्या वादळानंतर कधी चढले नाहीत. तेव्हा ठिगळावर जर खांबाचं डांबर असेल, तर ते त्या तीन दिवसांतलंच. आता ते डांबर मेणाच्या खाली आहे की वर, एवढाच प्रश्न. डांबर थेट कापडात मुरलेलं असेल आणि मेण त्याच्यावर, तर मेण नंतरचं, आणि अण्णा त्या वादळात तिने धुतलेला उघडाबोडका कोट घालून गेले. मेण खाली आणि डांबर वर असेल, तर. तिने पुढचं वाक्य मनातही पुरं केलं नाही. वरून काही दिसत नव्हतं, मळाचा एकच थर. बघायचं तर ठिगळ उसवून कड भिंगाखाली धरावी लागणार. आणि आत्तापर्यंत निदान एक शंका होती, की कदाचित ते कोटाने झालं नसेलही. तेहतीस वर्षं ती त्या शंकेच्या आधाराने उठली, जेवली, पोरं वाढवली. उसवल्यावर ती राहणार नव्हती.

"मास्तर."

"बोला."

"हा कोट माझ्या वडिलांचा आहे."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग उठून आले, कोटाकडे नाही, तिच्याकडे बघत म्हणाले, "मग उसवू नका. मी सांगतो बाईंना, कापड कुजलंय म्हणून. दुसरा शोधू."

"नाही. उसवायचाय."

"ताई, पुन्हा शिवता येईल, पण टाके ते राहायचे नाहीत. विचार करा."

"विचारच तर करतेय इतकी वर्षं," ती म्हणाली. "तो भिंगाचा दिवा जरा इकडे सरकवता?"

पहिली गाठ सुटता सुटेना. काय त्या गाठी! ती स्वतःवरच चिडली, मग हसायला आलं, मग डोळे भरून आले आणि तिने बाहीला नाक पुसलं, आपल्या. सुरीचं बारीक पातं दोऱ्याखाली घालून तिने एक टाका तोडला, दुसरा तोडला. प्रत्येक टाक्याबरोबर तिला ती पोरगी दिसत होती, दिव्याजवळ वाकलेली, जिभेचं टोक दातांत धरलेली, बाप घरी यायच्या आत संपवायची घाई आणि आज आपण फार मोठं काम केलंय अशी खात्री. तिला त्या पोरीला थांबवावंसं वाटलं नाही. वाटलं, शिवू दे. ठिगळाची एक बाजू सुटली. तिने ती उलटी केली, दुमडलेल्या कडेचं हिरवं कापड आत अजून हिरवंगार होतं, कालच्या शाळेसारखं. मग कड भिंगाखाली धरून तिने पात्याच्या टोकाने वरचा थर अलगद खरवडला.

आधी माती निघाली. मग काळं, चकचकीत, ठिसूळ. डांबर. तिने मनगट टेबलावर टेकवलं. डांबराची एक खपली उडाली, आणि तिच्याखाली कापड नव्हतं. तिच्याखाली तपकिरी, मधासारखं पारदर्शक मेण होतं, धाग्याधाग्यात भरलेलं, आणि डांबराला त्याने कापडापर्यंत जाऊच दिलं नव्हतं. तिने दुसरीकडे खरवडलं. तेच. तिसरीकडे. तेच. आणि एका जागी, मेणात, बोटाचा ठसा होता. कुणीतरी गरम मेण अंगठ्याने ठिगळाच्या कडेत दाबलं होतं, आत पाणी जाऊ नये म्हणून.

खोली दूर गेली. मास्तर, दिवा, रस्त्यावरचे आवाज, सगळं काचेपलीकडे गेलं. पहाटेच्या डेपोत अण्णा उभे होते, कोट पसरून, कढईची वाफ तोंडावर घेत. "पोरीने धुतलाय," ते केबलवाल्या काकांना सांगत होते, आणि काका कपाळावर हात मारून हसत होते, आणि अण्णाही. "तिला बोलू नकोस हं. फार खूश आहे." घाईघाईने मेणाचा एक हात, कॉलरपासून खाली, शिवणींत अंगठा दाबून. वादळ पुढे होतं, इस्पितळ अंधारात होतं, आणि दोन दांडगी माणसं एका दप्तराच्या तुकड्याभोवती मेण लावत होती. हे तिने पाहिलं नव्हतं. तरी ते तिला दिसत होतं.

तिला वाटलं होतं, असं काही कळलं तर छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला तो राग होऊन. असा राग की तिने टेबलावर मूठ आपटली आणि टाचण्यांची डबी उडाली. एवढंच सांगायचं होतं ना, अण्णा! नऊ वर्षं समोर बसला होतात तुम्ही. मी तुमच्या ताटात वाढत होते, तुमच्याकडे बघायचं टाळत होते, आणि तुम्हाला वाटत होतं पोर मोठी झाली, लाजते. एक वाक्य. "ठमे, मी मेण लावून घेतलं होतं." माझं मन दुखू नये म्हणून गप्प राहिलात, आणि त्या गप्प राहण्याने माझा जन्म पोखरला. कुठली ही माया म्हणायची! ती रडत होती, हसत होती, मास्तर गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचत होते आणि वर बघत नव्हते. मग राग ओसरला, आणि पहिल्यांदाच, अगदी पायांपासून, तिला हलकं वाटायला लागलं. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. आत्ता, लगेच. आणि हे ज्याला सांगावं असं जगात एकच माणूस उरलं होतं.

जिन्याच्या खिडकीशी जाऊन तिने फोन लावला. दादा दुसऱ्या गावी शाळेत भूगोल शिकवायचा.

"बोल गं. तास संपला आत्ताच. आवाज असा का तुझा?"

"दादा, अण्णांचा कोट सापडला. आमच्या कारखान्यात आला, गठ्ठ्यातून."

"काय सांगतेस! तो? मेणाचा?"

"तोच. दादा, ऐक. मधे बोलू नकोस. तो कोट मी धुतला होता. त्या वादळाच्या आदल्या दिवशी, सोड्याने. सगळं मेण काढून टाकलं होतं मी. आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की माझ्यामुळे ते भिजले. माझ्यामुळे गेलं सगळं."

"वेडी की काय तू?" दादाचा आवाज चढला. "चौदा वर्षांची होतीस! आणि एक अक्षर बोलली नाहीस कुणाला?"

"आता बोलतेय ना. पण तसं झालंच नव्हतं, दादा! त्यांनी पहाटे डेपोत पुन्हा मेण लावून घेतलं होतं. मी आत्ता डोळ्यांनी बघितलं, मेण खाली आणि डांबर वर. थेंब आत गेला नसणार, थेंब! कोट अगदी पक्का होता."

ती हसत होती. पलीकडून हसू आलं नाही. मागे शाळेची घंटा झाली, पोरांचा गलका झाला, विरला.

"दादा? आहेस ना?"

"आहे." मग तो म्हणाला, "म्हणजे वरून पाणी गेलं नाही."

"नाहीच."

"मग खालूनच गेलं."

"म्हणजे रे?"

"बूट मी नेले होते, ठमे." त्याचा आवाज सतरा वर्षांच्या मुलाचा झाला होता. "त्यांचे रबरी बूट. सहलीला. मित्रांत मिरवायला. विचारलंसुद्धा नव्हतं. आलो तर ते अंथरुणावर. मी बूट गुपचूप दारामागे ठेवून दिले, त्या कोटाच्या खाली. आणि मी मनाला काय समजावायचो माहितीय? की कोटच जुना होता, गळका होता, भिजले ते कोटाने भिजले. नुसत्या बुटांनी काय होतंय. तेवढ्यावर चाललं होतं माझं." तो थांबला. "कोट पक्का होता म्हणतेस."

जिन्याच्या खिडकीची काच तिच्या कपाळाला गार लागली. आणि तेव्हा तिला ते दिसलं, जे तिने त्या पहाटे पाहिलं होतं आणि कधीच बघितलं नव्हतं, कारण तिचे डोळे सगळा वेळ कोटावर होते. उंबऱ्यावर बसून अण्णा कापडी बुटांची नाडी बांधत होते. नाडी तुटकी, मधे गाठ मारलेली. चौथ्या दिवशी ते बूट तिनेच त्यांच्या पायांतून ओढून काढले होते. पाय पांढरेफटक, सुरकुतलेले, आणि बुटांतून पाणी निघालं होतं वाटीभर. तिने त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते, ओले झाले की बदलले होते, तीनदा.

खाली रस्त्यावरून कोट घातलेली माणसं चालली होती. तिने कपाळ काचेवरून काढलं.

"दादा, काहीतरीच काय बोलतोस," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोरल्या बहिणीचा दरारा आला, ती धाकटी असून. "बूट होते त्यांच्या पायात."

"कुठले असणार?"

"डेपोतले. मेण लावलं तिथे बूट नसतील का दिले? घरी आणलं तेव्हा मीच काढले की पायांतून. कागदाचे बोळे कोंबून वाळवले, आणि मग डेपोचा माणूस येऊन घेऊन गेला. तू यायच्या आधी."

"तू स्वतः काढले?"

"ह्या हातांनी. पाय कोरडे ठक्क होते. हवाच तसली होती रे, दादा. तीन दिवस त्या वाऱ्यात कुणीही आजारी पडलं असतं."

ती वाट बघत राहिली. दादा मास्तरकीचा माणूस, सहजासहजी उत्तर पत्करणारा नव्हे.

"कोणत्या रंगाचे होते?" त्याने विचारलं.

"काळे," ती म्हणाली. "गुडघ्यापर्यंत यायचे. त्यांना जरा मोठेच होत होते."